काठीवर किती?

रात्री साडेबाराला आकडे उतरतात.
खाली नानांचे चार माग बंद,
फक्त शेजारच्या कारखान्याची खडखड,
आणि मी भद्रावती पेठेत, पत्र्याच्या खोलीत,
जानेवारीतही पंखा एकवर ठेवून
गढवालातल्या एका उतारावर
आज किती बर्फ पडेल ते लिहिते.

तो उतार मी पाहिलेला नाही.
बर्फ पाहिला तो मासळीच्या पेटीतला,
आणि लग्नात सरबताच्या पिंपात फोडून टाकलेली लादी.
पण दहा हजार फुटांवरचा वारा मला तोंडपाठ आहे,
गोठणरेषा कुठल्या वळणावर येऊन थांबते,
पश्चिमी झंझावात इराणवरून निघाला की
तिसऱ्या रात्री कुणाच्या छपरावर टेकतो.

मॉडेलं दोन. युरोपचं म्हणतं नऊ इंच,
अमेरिकेचं म्हणतं तीनसुद्धा नाही.
मधलं लिहायचं नसतं, हे पहिल्याच हिवाळ्यात शिकले:
मधला आकडा कधीच पडत नाही.

पाचला मजकूर जातो.
सहाला कुंदन फर्स्वाण लिफ्टच्या शेडमागं रोवलेली
लाल-पांढरी काठी वाचतो, फोटो पाठवतो.
तेवढ्यात नाना चहा घेऊन जिना चढतात.
"काठीवर किती?"
सात म्हटलं की मान हलवतात,
जणू सात गाठी टॉवेल वेळेत गेले.
मी किती लिहिलं होतं, ते विचारत नाहीत.

घरात आम्ही तेलुगू बोलतो. तिच्यात एकच शब्द, मंचू.
दव मंचू, धुकं मंचू, बर्फही मंचू.
मला मात्र रोज निवडून लिहावं लागतं:
भुकटीसारखा, ओला, वाऱ्यानं थापटलेला,
वरून कडक आणि आतून पोकळ.
भुकटी नानांना लगेच कळली.
चाळीस वर्षं ती त्यांच्या पापण्यांवर पडते आहे,
रुईची, बारा महिने, कुठल्याही अंदाजाशिवाय.

त्या पहाटे मी लिहिलं: आज निरभ्र. वारा मंद.
आणि दुपारी गड्ड्याच्या यात्रेत
भाचीला घेऊन पाळण्यात बसले.
पाळणा अगदी वर जाऊन थांबला, तेव्हा फोन वाजला.

"मॅडम, आपने धूप लिखी थी."

आवाजात राग नव्हता. मागे वारा होता.
खुर्च्या बंद केल्या होत्या, अकरा पोरं
मधल्या टॉवरच्या खोलीत कोंबून बसवली होती,
हात पुढं केला तर पंजा दिसत नव्हता.
माझ्याखाली लाउडस्पीकर, भज्यांचा धूर, लख्ख ऊन.
भाची म्हणाली, मावशी, आपण अडकलो का?

चार तासांनी सगळी सुखरूप खाली आली.
मला कुणीच काही बोललं नाही.
बोलले असते तर बरं झालं असतं.

नानांना सांगितलं. ते जुन्या बॉबिनवरचा धागा सोलत होते.
म्हणाले, ताण्याची तार तुटते तेव्हा दिसत नाही.
हातभर कापड पुढं जातं, मग कळतं.
मग काय करता?
काय करणार. माग थांबवायचा, गाठ मारायची,
आणि बिघडलं तिथं खडूनं फुली करायची.
फुली न करता घडी घालणारा, तो वाईट विणकर.

दुसऱ्या पहाटे पहिली ओळ लिहिली:
काल मी ऊन लिहिलं होतं. चुकलं.
खाली आजचा आकडा.

कुंदननं पोरांचा फोटो पाठवला, शेगडीभोवतीचा.
एका बारक्याच्या अंगावर फुलाफुलांची चादर.
मी धावत नानांपुढं धरला: बघा, आपली!
चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकाशी नेऊन
त्यांनी चादरीचा काठ बघितला, बराच वेळ.
"आपली कुठली. पानिपतची नक्कल आहे ही."
फोन परत दिला. पुन्हा मागून घेतला.
"ऊब लागली असेल का पण त्याला?"

मी म्हटलं, तिथं आत्ता उणे आठ आहे.

"ते नाही विचारलं," नाना म्हणाले.